नावांची खातेवही कोण ठेवणार?

२०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, दाखल्यांवरील मजकूर बदलला, एस. टी.च्या गाड्यांवरचे फलक बदलले. नामांतर योग्य की अयोग्य, हा वाद येथे प्रस्तुत नाही. परंतु या नामांतराने एक जुनाच प्रश्न नव्याने उभा केला आहे, आणि त्यासाठी कोणी सभा भरविणार नाही की मोर्चा काढणार नाही. ग्रंथालयांच्या कपाटांत ‘उस्मानाबाद’ या नावाखाली नोंदलेली पुस्तके, अहवाल, जनगणनेच्या पुस्तिका आहेत. त्यांच्या नोंदींचे काय करावयाचे? जुने नाव खोडून नवे लिहावे, की जुनी पुस्तके जुन्या नावाखाली व नवी नव्या नावाखाली ठेवून एका जिल्ह्याचे दोन जिल्हे करावेत?

‘खोडा आणि लिहा’ हे उत्तर सोपे वाटते. पण ते चुकीचे आहे. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा निघाला. १९७१च्या जनगणनेतील ‘उस्मानाबाद जिल्हा’ म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा नव्हे. त्यात लातूर आहे, औसा आहे, निलंगा आहे, उदगीरही आहे. संगणकाला एक आज्ञा देऊन सर्वत्र ‘उस्मानाबाद’च्या जागी ‘धाराशिव’ केले, तर उदगीरच्या शेतीचे आकडे धाराशिवच्या नावावर चढतील आणि लातूरचा इतिहास शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडणार नाहीत. उलट काहीच न केले, तर आजपासून दहा वर्षांनी शाळेतून बाहेर पडणारा मुलगा केवळ ‘धाराशिव’ असा शोध घेईल, आणि एका अख्ख्या शतकाचे मुद्रित साहित्य त्याच्या दृष्टीआड राहील. औरंगाबादच्या बाबतीत तोच प्रश्न आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या बाबतीतही तोच आहे. १९९४ साली त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले, म्हणून त्यापूर्वीची विद्यापीठाची प्रकाशने दुसऱ्या कोणा संस्थेची ठरत नाहीत.

याच जिल्ह्यातील कळंबचे उदाहरण घ्यावे. मांजरा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. यवतमाळ जिल्ह्यातही कळंब आहे, तेही तालुक्याचेच गाव, चिंतामणी गणपतीसाठी प्रसिद्ध. पुणे जिल्ह्यात आणखी कळंब आहेत. शिवाय धाराशिवमधील कळंबचे इंग्रजी स्पेलिंग काही सरकारी कागदांत ‘कल्लम’ असे आढळते. ‘कळंब तालुक्यातील पीकपद्धती’ अशा नावाचा एखादा प्रबंध समोर आला, तर तो मांजराकाठचा की विदर्भातला, हे तालिकापत्रावरील एका शब्दावरून कोणाला कळणार? ज्याने पुस्तक हाती घेऊन पाहिले त्या ग्रंथपालाला ते कळते. परंतु ते कळलेले त्याने कुठे लिहून ठेवले नाही, तर ते त्याच्याबरोबरच निवृत्त होते.

ग्रंथालयशास्त्राने या दुखण्यावर औषध काढून बराच काळ लोटला आहे. अमेरिकेत चार्ल्स कटर यांनी १८७६ साली छापील तालिकेचे नियम केले, तेव्हाच तालिकेची दोन कामे त्यांनी वेगळी सांगितली होती. वाचकाला माहीत असलेले पुस्तक सापडावे हे एक, आणि एका लेखकाचे वा एका विषयाचे ग्रंथालयात जे जे आहे ते सारे एकत्र दिसावे हे दुसरे. पहिले काम साधी यादीही करू शकते. दुसऱ्यासाठी मात्र प्रत्येक लेखकाची, गावाची, संस्थेची व विषयाची एक स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. तिला प्राधिकृत नोंद म्हणतात. तीत तालिकेसाठी मुक्रर केलेले नाव असते, त्या व्यक्तीची वा स्थळाची इतर नावे असतात, त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाशी गल्लत होऊ नये म्हणून जन्मसाल, व्यवसाय, जिल्हा असा खुलासा असतो, आणि हे कशावरून ठरविले त्याचा आधारही असतो. पुस्तकाच्या नोंदीतील शीर्षक या नोंदीला जोडलेले असले म्हणजे कोणत्याही नावाने शोधा, वाचक एकाच ठिकाणी पोहोचतो.

महाराष्ट्रातील शिक्षकाला वा कारकुनाला हे परके वाटू नये, कारण महसूल खात्यात ही रीत फार जुनी आहे. सातबारा हा जमिनीचा असतो आणि आठ-अ खातेदाराचा. एका खातेदाराची जमीन चार गटांत विखुरलेली असली, तरी खाते क्रमांकामुळे ती आठ-अवर एकत्र दिसते. नाव बदलले, वारस लागला, तर फेरफार होतो. फेरफाराला क्रमांक असतो, आणि जुने नाव कंसात जाते, नाहीसे होत नाही. ग्रंथालयातील पुस्तकाची नोंद हा सातबारा समजला, तर प्राधिकृत नोंद हे लेखकाचे खाते होय. फरक एवढाच की येथील फेरफार एकदाच, खात्यावर करावा लागतो. त्याला जोडलेल्या शंभर पुस्तकांच्या नोंदी आपोआप दुरुस्त होतात. आपल्या बहुतेक ग्रंथालयांत सातबारे आहेत, आठ-अ नाहीत. धाराशिव आणि उस्मानाबाद यांच्यासाठी दोन खाती उघडून ती परस्परांना जोडावीत, आणि १९८२ व २०२३ या दोन्ही सालांचे टिपण त्यांत ठेवावे, म्हणजे नामांतराचा प्रश्न एका दुपारी सुटतो. कोणाच्याही भावना न दुखावता सुटतो, हा आणखी एक लाभ.

मराठीला या खातेवहीची गरज इतर अनेक भाषांहून अधिक आहे, कारण टोपणनावांची जेवढी हौस मराठी लेखकांना, तेवढी क्वचितच कोठे असेल. कळंबच्या एखाद्या वाचनालयात ‘कुसुमाग्रजांची पुस्तके द्या’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘विशाखा’ मिळेल. ‘नटसम्राट’ मात्र शिरवाडकर, वि. वा. या नावाखाली पलीकडच्या कप्प्यात असेल. हे दोघे एकच, हे शिक्षकाला ठाऊक असते, म्हणून तो हसेल. पण गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी हे तिघे एकच, हे आजच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? ‘बी’ म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, वाचकाला हे आधीच माहीत असेल, असे गृहीत धरणारी तालिका ही फक्त विद्वानांसाठी ठेवलेली तालिका होय.

स्त्री-लेखिकांच्या वाट्याला हा घोळ दुहेरी आला. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले तेव्हा त्यामागील खरी लेखिका कोण, याविषयी महाराष्ट्रात केवढे कुतूहल माजले होते. त्या माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई बेडेकर. तीन नावे, त्यांपैकी एक स्वतः निवडलेले, एक जन्माने आलेले आणि एक लग्नाने. यातील कोणते नाव तालिकेत मुख्य मानावे, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु तिन्ही नावांनी त्या सापडल्या पाहिजेत, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. लग्नानंतर नाव बदलल्यामुळे शाळेच्या दाखल्यापासून बँकेच्या पासबुकापर्यंत ‘ही तीच’ असे सिद्ध करीत फिरावे लागते, हा अनुभव असंख्य शिक्षिकांना आहे. लेखिकेला तिच्या मृत्यूनंतर ग्रंथालयात तेच सिद्ध करावे लागावे आणि ते करण्यास ती हजर नसावी, हे बरे नव्हे.

याच्या उलट दुसरा घोळ आहे: दोघांना एक समजण्याचा. हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे हे दोन वेगळे कादंबरीकार. पहिले ‘पण लक्षात कोण घेतो’चे, दुसरे ‘न पटणारी गोष्ट’चे, जिच्यावरून १९३७ साली ‘कुंकू’ हा चित्रपट निघाला. आद्याक्षरांची अदलाबदल झाली की एकाची कादंबरी दुसऱ्याच्या नावावर जाते, आणि घाईत पुस्तके दाखल करणाऱ्या माणसाकडून ती होणे अगदी स्वाभाविक आहे. वामन मल्हार जोशी आणि वामन गोपाळ जोशी यांचे तेच. संतवाङ्मयात तर हा प्रश्न इतका नाजूक आहे की त्यावर विद्वानांची हयात गेली. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांची सरमिसळ, ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वर एक की दोन हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उठलेला वाद, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. अशा वादांचा निकाल ग्रंथपालाने द्यावयाचा नसतो. वाद आहे, एवढे त्याने नोंदवावे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव या संदर्भात फार बोलके आहे. संत गोरा कुंभारांचे हे गाव. भाविक त्यांना गोरोबाकाका म्हणतात. म्हणजे येथे एका संताची दोन-तीन नावे आली. पण तेरचे स्वतःचेच जुने नाव तगर. रोमन काळातील ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात दक्षिणेतील बाजारपेठ म्हणून ज्या तगराचा उल्लेख येतो, ते नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच काथ्याकूट झाला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर. अखेर विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले. याचा अर्थ असा की त्याआधीच्या ग्रंथांत ‘तगर’ शीर्षकाखाली जे लिहिले गेले त्यातील बरेच मुळी तेरविषयी नाहीच. तेरवर प्रकल्प लिहिणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हे कोण सांगणार? प्राधिकृत नोंदीतील दोन ओळींचे टिपण सांगू शकते.

विषयशीर्षकांविषयी विस्ताराने लिहिण्याची येथे गरज नाही. पण एक गोष्ट नोंदविली पाहिजे. जुन्या तालिकांत ‘हरिजन’ असा विषय आढळतो. हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला गेला त्यांनीच तो नाकारला. आज ‘दलित’ हे शीर्षक घेतले, तरी जुन्या पुस्तकांच्या नावांतील शब्द बदलता येत नाहीत आणि बदलू नयेत. वाचकाने कोणत्याही शब्दाने शोध घेतला तरी त्याला त्या साऱ्या पुस्तकांपर्यंत न्यावे, आणि ग्रंथालयाने स्वतःच्या तोंडी मात्र सन्मानाचाच शब्द ठेवावा, हे केवळ जोडणीनेच साधते.

ग्रंथालयांत संगणक आला तेव्हा हे सारे आपोआप सुटेल, अशी एक भाबडी समजूत होती. झाले उलटेच. पूर्वी एकच अनुभवी ग्रंथपाल आपल्या हाताने पत्रे लिहीत असे. त्याच्या डोक्यात निदान एक पद्धत असे. संगणकात नोंदी भरण्याचे काम ठेक्याने दिले गेले की एका लेखकाची चार रूपे होतात. ‘वि.वा.’ आणि ‘वि. वा.’ यांत माणसाला फरक दिसत नाही. यंत्राला मधल्या रिकाम्या जागेमुळे ते दोन लेखक वाटतात. ‘हरि’ आणि ‘हरी’, ‘विष्णु’ आणि ‘विष्णू’ यांचेही तेच. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम होण्यापूर्वीचे मुखपृष्ठ एक सांगते आणि नंतरची आवृत्ती दुसरे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविता येते आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत भरलेल्या नोंदी तर पुष्कळ ठिकाणी आज वाचताही येत नाहीत. दोनदा पैसे मोजून एकदाचे कामही पुरते झाले नाही, असा हा प्रकार आहे.

आता शीर्षके प्राधिकृत नोंदींना जोडण्याचे कामही यंत्र करू लागले आहे, आणि तेथे अधिकच सावध राहावयास हवे. ‘कोहा’ ही न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाने तयार करवून २००० साली वापरात आणलेली संगणकप्रणाली आहे. माओरी भाषेत तिच्या नावाचा अर्थ भेट असा होतो, आणि ती खरोखरच विनामूल्य मिळते. भारतातील अनेक ग्रंथालयांनी ती स्वीकारली आहे. तिच्यात ही जोडणी कशी व्हावी याचे तीन पर्याय आहेत. नेमकी एकच जुळणारी नोंद सापडली तरच जोडावे, हा एक. अनेक सापडल्यास पहिलीशी जोडावे, हा दुसरा. आणि शेवटचीशी जोडावे, हा तिसरा. दुसरा वा तिसरा पर्याय निवडला की काम झटपट उरकते, एकही शीर्षक मोकळे राहत नाही, आणि अहवाल देखणा दिसतो. फक्त यवतमाळच्या कळंबची पुस्तके धाराशिवच्या कळंबला जोडली जाण्याची सोय होते. न जोडलेले शीर्षक निदान आपले अज्ञान कबूल करते. चुकीचे जोडलेले शीर्षक अधिकारवाणीने खोटे सांगते. म्हणून मराठीपुरते तरी पहिलाच पर्याय ठेवावा, आणि उरलेली शीर्षके माणसाने पुस्तक उघडून जोडावीत. हे काम कंटाळवाणे आहे, यात संशय नाही.

परदेशांत या बाबतीत काय चालते, ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९६२ साली दिल्लीत कार्यालय उघडले. पी. एल. ४८० कराराखाली भारताला विकलेल्या गव्हाचे जे रुपये येथे साचले होते, त्यांतून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन ती अमेरिकी विद्यापीठांकडे धाडली जाऊ लागली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. प्रत्येक लेखकाचे नाव तपासून, रोमन लिपीत उतरवून, त्याची नोंद ठेवणे त्या ग्रंथालयाच्या शिस्तीत बसत असल्याने मराठी लेखकांची खाती वॉशिंग्टनमध्ये उघडली गेली. पुढे २००३ साली याच ग्रंथालयाने जर्मन राष्ट्रीय ग्रंथालय व ओसीएलसी ही संस्था यांच्यासह देशोदेशींच्या नामनोंदी एकमेकींना जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. जर्मनीने २०१२ साली आपल्या वेगवेगळ्या नामसूची एकत्र करून एकच सामाईक सूची केली. आपल्या गव्हाच्या गरजेने मराठी लेखकांना परमुलखात शिस्तवार खाते मिळावे आणि महाराष्ट्रात मिळू नये, याला काय म्हणावे? आणि ते खाते रोमन लिपीतले. कुसुमाग्रजांच्या शेवटच्या ‘ज’मधला ‘अ’सुद्धा लिहून दाखविणारे. कळंबच्या मुलाने त्या लिप्यंतराचे नियम शिकावेत, अशी अपेक्षा कोणी करू नये.

मात्र वॉशिंग्टन, दिल्ली, किंवा मुंबईसुद्धा जे करू शकत नाही असे एक काम आहे. तालुक्याच्या गावी असे पुष्कळ लेखक असतात ज्यांनी हयातीत एक कवितासंग्रह स्वखर्चाने छापला, एखाद्या शिक्षकाने गावच्या यात्रेचा इतिहास लिहिला, एखाद्या कार्यकर्त्याने मुक्तिसंग्रामाच्या आठवणी पुस्तिकारूपाने काढल्या. १९५४च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व इतर ठरावीक ग्रंथालयांकडे गेली पाहिजे; स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या शिक्षकाला हा कायदा बहुधा ठाऊकच नसतो. अशा पुस्तिकेचे ठिकाण म्हणजे गावचे वाचनालय. तिचा लेखक कोण, कोठला, कोणत्या शाळेत होता, हे सांगू शकणारी माणसेही गावातच आहेत, आणि ती फार वर्षे राहणार नाहीत. त्याचे नाव चारचौघांसारखे असले, एखादे शिंदे वा पवार, तर राज्याच्या एकत्रित तालिकेत ते दुसऱ्या कोणा शिंद्यांत मिसळून जाईल आणि त्याने काही लिहिले होते याचा पुरावाच उरणार नाही. प्रसिद्ध लेखकाचे नाव चुकले तर कोणीतरी ओरडतो. अप्रसिद्ध लेखकाच्या बाबतीत ओरडणारा एकटा ग्रंथपालच असतो.

म्हणून या कामाची विभागणी अशी व्हावयास हवी की मुख्य नामसूची राज्याने करावी आणि स्थानिक नावांची भर तालुक्यांनी घालावी. आरंभ शून्यातून करावा लागेल असेही नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध करून ठेवली आहे; वाङ्मयकोश आहेत, विश्वकोशातील चरित्रनोंदी आहेत. देवनागरीतील, कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येईल अशी, प्रत्येक नावाला कायमचा क्रमांक असलेली नामसूची यांतून उभी राहू शकते. ग्रंथालय संचालनालयाने ती करावी की राज्य मराठी विकास संस्थेने, हा वाद घालण्यात पाच वर्षे जाऊ नयेत. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या निमित्ताने समारंभ झाले. या दर्जाच्या नावाने जो काही पैसा येईल, त्यातील थोडा या नीरस कामाकडे वळविला तर तो सार्थकी लागेल.

खरी अडचण माणसांची आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांचे मोठे जाळे उभे राहिले. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग ठरले आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागले. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. ग्रंथपालाच्या हाती पडणारे मानधन किती तुटपुंजे असते, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी विचारून पाहावे. अशा माणसाकडून लेखकांची जन्मसाले शोधण्याची अपेक्षा करणे आणि त्यासाठी एक पैसाही न देणे, हे अन्यायाचे आहे. नव्या प्राधिकृत नोंदीमागे ठरावीक मोबदला द्यावा. महाविद्यालयातील ग्रंथालयशास्त्राच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून द्यावे. निवृत्त शिक्षकांना विचारावे, कारण गावातील चार पिढ्यांची नावे हजेरीपटासह त्यांच्या स्मरणात असतात.

आणि वार्षिक तपासणीला येणाऱ्या निरीक्षकाने दाखल नोंदवहीच्या जोडीला नामनोंदींची वहीही पाहावयास मागावी. पहिल्या वर्षी ती बहुतेक ठिकाणी कोरी निघेल, आणि त्याबद्दल कोणाचे अनुदान कापू नये. तेरचा तगर, धाराशिवचे उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांतली दोन कळंब आणि गावातील दहा-पंधरा लेखक, एवढ्या नोंदींनी तिची पहिली पाने सहज भरतील.